पाच पियास्टरची भाकरी

कैरोच्या जुन्या वस्त्यांमध्ये सरकारी भाकरीची भट्टी शोधायला पाटी वाचावी लागत नाही. रांग दिसते. भट्टीच्या तोंडातून टम्म फुगलेल्या भाकऱ्या एकामागून एक बाहेर पडतात, खालच्या अंगाला कोंडा चिकटलेला असतो. घेणारे त्या लगेच पिशवीत भरत नाहीत. गरम भाकऱ्या एकावर एक रचल्या तर वाफेने लिबलिबीत होतात. म्हणून बाया-माणसे तिथेच ओट्यावर, लाकडी जाळीवर, कधी कडेला उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर त्या पसरून ठेवतात, वाफ जाऊ देतात आणि मग मोजून घरी नेतात. भाकरी गव्हाचीच असते, पण ती फुगताना पाहिली की मराठी माणसाच्या तोंडी हाच शब्द येतो, म्हणून या लेखात तोच वापरला आहे.

तिचे तिथले नाव 'ऐश बलदी'. बलदी म्हणजे इथली, आपल्या मातीतली. ऐश म्हणजे जगणे. इतर अरब देशांत रोटीला 'खुब्ज' म्हणतात. इजिप्तमध्ये मात्र जगणे आणि भाकरी यांना शब्द एकच. हाच अरबी शब्द फिरत फिरत आपल्याकडे आला आणि चैनीच्या अर्थाने रुजला. आपण ऐश करतो, कैरोतला मजूर ऐश खातो.

१९८९ पासून ही भाकरी पाच पियास्टरला मिळत होती. शंभर पियास्टर म्हणजे एक इजिप्शियन पाउंड. पस्तीस वर्षे हा भाव हलला नाही. या काळात राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारकांची राजवट कोसळली, निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला लष्कराने हटवले, पाउंडची किंमत पुनःपुन्हा घसरली, पण भाकरी पाच पियास्टरच राहिली. अखेर १ जून २०२४ रोजी ती वीस पियास्टर झाली. पंतप्रधान मुस्तफा मदबौली यांनी ही वाढ जाहीर करताना सांगितले, की एक भाकरी सरकारला १२५ पियास्टरला पडते. त्या वेळच्या दराने आपल्या पैशांत सांगायचे तर लोकांना भाकरी सुमारे ३५ पैशांना आणि सरकारला सव्वादोन रुपयांना.

मग इतकी वर्षे भाव वाढवला का नाही? आणि वाढवायला एवढी भीती का वाटत होती? अरब देशांतला राज्यकारभार आणि विकास या विषयावर अहवालांचे डोंगर आहेत. निर्देशांक, आलेख, शिफारशी यांत सामान्य वाचक हरवून जातो. त्या डोंगराच्या पायथ्याशी हाच भाकरीचा प्रश्न आहे, आणि तो नीट धरला तर बरेचसे कोडे उलगडते.

न लिहिलेला करार

१९५०-६० च्या दशकांत गमाल अब्देल नासर यांच्या राजवटीने इजिप्तच्या जनतेला खूप काही दिले. मोफत शिक्षण दिले, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली, घरभाडी गोठवली, भाकरी स्वस्त ठेवली. त्या बदल्यात राजकीय पक्ष गेले, मोकळी वर्तमानपत्रे गेली, स्वतंत्र कामगार संघटना गेल्या. अभ्यासक याला हुकूमशाहीचा सौदा म्हणतात. साध्या मराठीत तो असा: तुझ्या ताटाचे मी पाहतो, माझ्या खुर्चीचे तू पाहू नकोस. हा करार कुठे लिहिलेला नव्हता, पण दोन्ही बाजूंना तो तोंडपाठ होता. सीरिया, इराक, अल्जीरिया, ट्युनिशिया इथे त्याचीच वेगवेगळी रूपे होती.

ताटाला हात लावला की काय होते ते १९७७ मध्ये दिसले. नासरांच्या नंतर आलेले राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज हवे होते आणि निधीला अनुदानांत कपात हवी होती. १७ जानेवारीला उपपंतप्रधान अब्देल मोनेम अल-कैसूनी यांनी पीठ, तांदूळ, साखर, गॅस अशा रोजच्या वस्तूंच्या दरवाढीची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत माणसे रस्त्यावर होती. सैन्य उतरले, संचारबंदी लागली, दोन दिवसांत सुमारे ८० जणांचे जीव गेले आणि दरवाढ मागे घेतली गेली. सादातांनी त्याला 'चोरांचा उठाव' म्हटले. ज्यांच्या घरातली चूल विझायची वेळ आली होती, त्यांना चोर म्हणणारा तो शब्द वाचताना आजही राग येतो.

ट्युनिशियात १९८४ च्या जानेवारीत हेच झाले. भाकरीवरून दंगल पेटली, अनेक बळी गेले आणि राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी दूरचित्रवाणीवर येऊन जुने भाव परत आणले. जॉर्डनमध्ये १९९६ च्या ऑगस्टमध्ये ठिणगी कराक शहरात पडली.

राज्यकर्त्यांनी यातून धडा घेतला. तो चुकीचाच होता असे म्हणता येणार नाही, पण सोयीचा नक्कीच होता. भावाला हात लावायचा नाही, बाकी कशालाही लावायचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये इजिप्तच्या सरकारने भाकरीचे वजन ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅम केले. भाव तोच, पाच पियास्टर. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा ताटातून उचलला आणि पाटीवरचा आकडा तसाच ठेवला. त्याआधीही वजन टप्प्याटप्प्याने घटतच आले होते. नुसता भाव पाहणाऱ्याला पस्तीस वर्षे काही बदलले नाही असेच वाटेल. धोरणाचा अभ्यास करणाऱ्याला तराजू घेऊन भट्टीवर जावे लागते.

दोन भाव जिथे भेटतात

आता यंत्रणेकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरे दुःख तिथेच आहे.

२०१४ पर्यंतची पद्धत अशी होती. सरकार भट्टीवाल्याला पिठाची पोती नाममात्र दराने द्यायचे आणि भट्टीवाल्याने त्या पिठाची भाकरी करून पाच पियास्टरला विकायची अशी अपेक्षा असायची. पण बाहेरच्या बाजारात त्याच पिठाला कितीतरी पट भाव. भाकरी थापायला मजूर, इंधन, पहाटेपासूनची मेहनत, आणि नफा तो काय? त्यापेक्षा पोते मागच्या दाराने विकले की झाले. ज्या दिवशी पीठ बाजारात गेले त्या दिवशी भट्टी लवकर बंद, आणि रांगेतली निम्मी माणसे रिकाम्या हाताने परत. तयार भाकऱ्याही कोंबड्या आणि गुरांपुढे पडायच्या, कारण पशुखाद्य भाकरीपेक्षा महाग होते. शेतकऱ्याला यात दोष कसा द्यायचा?

२००८ मध्ये जगभर गव्हाचे भाव भडकले तेव्हा ही दरी आणखी रुंद झाली. पिठाची पळवापळवी वाढली, रांगा लांबल्या आणि रांगेतल्या हाणामारीत माणसे दगावली. होस्नी मुबारक यांनी शेवटी सैन्याच्या भट्ट्यांत भाकरी भाजायचा हुकूम दिला. तीन वर्षांनी, मुबारकांविरुद्धच्या उठावात, कैरोच्या तहरीर चौकात जी घोषणा घुमली तिचा पहिला शब्द होता ऐश. ऐश, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय, या क्रमाने.

२०१४ ची सुधारणा या साऱ्यातून आली, आणि ती विचारपूर्वक केलेली होती. पिठावरचे अनुदान काढून ते भाकरीवर ठेवले. भट्टीवाला पीठ बाजारभावाने घेणार. गिऱ्हाईक आपले स्मार्ट कार्ड यंत्रात घालणार, माणशी दिवसाला पाच भाकऱ्या घेणार आणि यंत्रात जितक्या भाकऱ्या नोंदल्या गेल्या तितक्यांचा फरक सरकार भट्टीवाल्याला देणार. आपल्या रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. शिवाय न घेतलेल्या प्रत्येक भाकरीमागे कार्डावर दहा पियास्टरचे गुण जमा होत आणि त्यावर तेल-साखर घेता येई. भाकरी पाच पियास्टरची आणि न घेतलेली भाकरी दहाची, मग कोंबड्यांना कोण घालील? रांगा कमी झाल्या, पिठाचा मागचा दरवाजा बराच बंद झाला.

पण गळती संपली नाही, तिने जागा बदलली. दोन वर्षांत ती गव्हाच्या खरेदीत दिसली. देशी गव्हाला उत्तेजन म्हणून सरकार शेतकऱ्यांकडून जागतिक दरापेक्षा चढ्या दराने गहू घेत होते. २०१६ मध्ये सुमारे ५० लाख टन देशी गहू खरेदी केल्याचे कागदोपत्री जाहीर झाले. संसदेच्या चौकशी समितीने कोठारे उघडून पाहिली तर कागदावरचा गहू कित्येक ठिकाणी प्रत्यक्षात नव्हताच. पुरवठामंत्री खालेद हनफी यांना राजीनामा द्यावा लागला, आणि २०१४ ची कार्डाची सुधारणा राबवणारे मंत्री हेच होते.

कारभारावरच्या संशोधनातला एक मोलाचा मुद्दा यात आहे. भ्रष्टाचार हा माणसांच्या स्वभावाचा प्रश्न मानला की आपण उपदेश करत बसतो. एकाच वस्तूला दोन भाव असतील तर ते दोन भाव जिथे भेटतात तिथे कुणीतरी उभा असतो, आणि त्याला मोह होतो. पिठाच्या पोत्यावर दोन भाव होते तेव्हा तो भट्टीवाला होता. गव्हावर दोन भाव आले तेव्हा तो कोठारवाला झाला. म्हणून चांगला अभ्यासक चोर कोण हे शोधण्याआधी सांधा कुठे आहे ते शोधतो.

२०१७ च्या मार्चमध्ये आणखी एक सांधा उसवला. ज्यांच्याकडे स्वतःचे कार्ड नव्हते अशांसाठी भट्ट्यांकडे एक सामाईक 'सोनेरी कार्ड' असायचे. त्यातही घोटाळे होत होते, म्हणून मंत्र्यांनी प्रत्येक भट्टीचा या कार्डावरचा कोटा एकदम ५०० भाकऱ्यांवर आणला. कागदावर निर्णय योग्य होता. पण कार्ड हरवलेले, अर्ज अडकलेले, पोटासाठी दुसऱ्या गावी गेलेले लोक नेमके याच कोट्यावर जगत होते. अलेक्झांड्रियात आणि गिझाच्या इंबाबा भागात बायका रस्त्यावर बसल्या आणि निर्णय फिरवावा लागला. गळती थांबवताना आपण कुणाच्या ताटावर बोट ठेवतो आहोत हे मंत्रालयाला रस्त्यावरून कळले. कळण्याचा दुसरा मार्गच उरला नव्हता.

आकडे जे सांगत नव्हते

दुसरा मार्ग उरला नव्हता, हेच खरे दुखणे आहे. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला अरब मानव विकास अहवाल काढला. तो अरब अभ्यासकांनीच लिहिला होता, प्रमुख लेखक होते इजिप्तचे नादेर फेरगानी. अरब लीगच्या २२ देशांत तीन गोष्टींचा तुटवडा आहे असे त्यात म्हटले होते: स्वातंत्र्य, ज्ञान आणि स्त्रियांना मिळणारी संधी. पैशाचा तुटवडा हे मुख्य कारण नव्हे, असे स्वतःच्याच घराबद्दल लिहायला धैर्य लागते. १९९९ मध्ये या सगळ्या देशांचे एकूण उत्पन्न एकट्या स्पेनपेक्षा कमी होते हे त्यातले वाक्य जगभर गाजले. स्वातंत्र्याबद्दलचा भाग मात्र राज्यकर्त्यांना झोंबला.

तरीही पुढची काही वर्षे आकडे गोड होते. २००६ ते २००८ या काळात इजिप्तची अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी वाढत होती. उद्योग करण्याची सुलभता मोजणाऱ्या जागतिक बँकेच्या क्रमवारीत २००७ साली इजिप्त हा जगातला सर्वाधिक सुधारणा करणारा देश ठरला. आणि त्याच देशातल्या राष्ट्रीय पाहणीत गरिबांचे प्रमाण १९९९-२००० मध्ये १६.७ टक्के होते ते २०१०-११ मध्ये २५.२ टक्क्यांवर गेले. गॅलप संस्था लोकांना स्वतःच्या आयुष्याला गुण द्यायला सांगते. आपले बरे चालले आहे आणि पुढेही बरे चालेल असे मानणारे इजिप्शियन २००५ मध्ये जितके होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी २०१० मध्ये उरले. उत्पन्न वर जात होते, माणसे खचत होती. दोन्ही पाहण्या उपलब्ध होत्या, पण वाचली जात होती ती सोयीची क्रमवारी. पुढे २०२१ मध्ये ती क्रमवारीच जागतिक बँकेला बंद करावी लागली, कारण काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाले. त्यांत सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती हे दोन अरब देश होते.

वाढलेला पैसा गेला कुठे? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर ट्युनिशियाने दिले, आणि ते कसे मिळाले ते सांगण्यासारखे आहे. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझीद गावात मोहम्मद बुअझिझी या फळविक्रेत्याने, गाडी आणि तराजू जप्त झाल्यावर, स्वतःला पेटवून घेतले. महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. नव्या सरकारने बेन अली कुटुंबाची मालमत्ता जप्त करण्यासाठी एक आयोग नेमला आणि आयोगाने कंपन्यांची यादी केली. जागतिक बँकेच्या तीन अर्थतज्ज्ञांनी ती यादी देशातल्या सर्व उद्योगांच्या नोंदवहीशी जुळवली. २२० कंपन्या निघाल्या. खासगी क्षेत्रातल्या रोजगारात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का, पण नफ्यात वाटा २१ टक्के. पाच रुपयांतला एक रुपया एका घरात.

त्यांनी पुढे पाहिले की या कंपन्या कोणत्या धंद्यांत आहेत. दूरसंचार, विमानवाहतूक, बँका, जमीनजुमला. म्हणजे जिथे सरकारी परवाना लागतो तिथे. आणि परवान्याचे नियम राष्ट्राध्यक्षांच्या सहीच्या फर्मानांनी वेळोवेळी वाढवले गेले होते. चोरी नियम मोडून झाली नव्हती, नियम बनवून झाली होती. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यादी आधी कुणाला मिळालीच नसती, ती मिळण्यासाठी राजवट पडावी लागली. तोवर हाच ट्युनिशिया आंतरराष्ट्रीय संस्थांचा गुणी विद्यार्थी होता.

आयता पैसा

तेलाबद्दल न बोलता अरब कारभाराबद्दल बोलता येत नाही, म्हणून थोडक्यात. १९८७ मध्ये इजिप्तचे अर्थतज्ज्ञ हाझेम अल-बेबलावी आणि इटलीचे ज्याकोमो लुचियानी यांनी अरब देशांच्या संदर्भात एक कल्पना नीट मांडली. त्यांचे म्हणणे असे, की ज्या राज्याला पैसा जमिनीतून किंवा परदेशातून आयता मिळतो, त्याला प्रजेकडून कर घ्यावा लागत नाही. कर नाही म्हणजे हिशेब विचारायचा हक्क नाही. असे राज्य पैसे वाटते आणि गप्प राहण्याची अपेक्षा करते. इजिप्तकडे आखातासारखे तेल नाही, पण सुएझ कालव्याचे शुल्क, परदेशी मदत, आखातात राबणाऱ्या मजुरांनी धाडलेला पैसा, थोडे तेल-वायू, असे बरेच आयते आहे.

ही कल्पना सगळे स्पष्ट करत नाही. सौदी अरेबियाने २०१८ मध्ये ५ टक्के मूल्यवर्धित कर लावला, २०२० मध्ये तो १५ टक्के केला, तरी तिथे मतपेटी आली नाही. कर आला की हक्क आपोआप येतात असे नसते, ते मागावे लागतात आणि मागणाऱ्याला बोलता यावे लागते. विशेष म्हणजे हेच बेबलावी २०१३-१४ मध्ये काही महिने इजिप्तचे पंतप्रधान होते. आयत्या पैशाचे राज्य कसे चालते हे जगाला समजावणारा माणूस त्याच राज्याच्या खुर्चीवर बसला, आणि यंत्र तसेच चालू राहिले.

यंत्राला बाहेरून बसणारे धक्केही मोठे असतात. इजिप्त जगातल्या सर्वांत मोठ्या गहू आयातदारांपैकी एक, आणि २०२२ पूर्वी त्याच्या आयातीचा फार मोठा भाग रशिया व युक्रेन या दोनच देशांतून यायचा. त्या वर्षी फेब्रुवारीत या दोघांत युद्ध पेटले आणि गहू अडकला. एप्रिलमध्ये इजिप्तने भारतीय गव्हाला मान्यता दिली. १३ मे रोजी भारताने आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या तडाख्यानंतर आणि वाढत्या भावांमुळे गव्हाची निर्यात थांबवली. आपल्या शेतातला उष्मा आणि कैरोतली रांग यांच्यात इतकेच अंतर आहे.

भाकरीऐवजी पैसे?

पैसे थेट खात्यात द्या, हा उपाय आता सगळीकडे सुचवला जातो. त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. इजिप्तने २०१५ मध्ये 'तकाफुल व करामा' नावाची रोख मदतीची योजना सुरू केली, गरीब आयांच्या हातात पैसे देणारी. तिचा काळजीपूर्वक अभ्यास झाला तेव्हा लाभार्थी घरांचा खर्च सुमारे ७ ते ८ टक्क्यांनी वाढलेला, म्हणजे ताट थोडे भरलेले दिसले. जॉर्डनने २०१८ च्या सुरुवातीला भाकरीवरचे अनुदान काढले आणि बहुतेक नागरिकांना माणशी वर्षाला २७ दिनार दिले. भाकरीवरून दंगल झाली नाही. चारच महिन्यांनी आयकराच्या विधेयकावरून मात्र लोक रस्त्यावर आले आणि पंतप्रधान हानी मुल्की यांना जावे लागले.

तरीही कैरोतली बाई रोख रकमेला भिते, आणि तिची भीती अडाणीपणाची नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इजिप्तमधली महागाई ३८ टक्क्यांवर पोचली. ज्याला शंभर पाउंड मिळत होते त्याच्या हातात शंभरच राहिले, पण त्यांत येणारे सामान वर्षभरात चौथ्या हिश्शाहून अधिक घटले. कार्डावरच्या पाच भाकऱ्या मात्र त्या वर्षीही पाचच होत्या. वस्तू महागाईला तोंड देते, नोट देत नाही. रोख रक्कम महागाईप्रमाणे वाढत जाईल असे सरकार म्हणू शकते, पण ते पाळले नाही तर विचारायचे कुणी? संसदेत कुणी विरोधक उठेल, एखादे वर्तमानपत्र रोज आकडा छापेल, एखादी संघटना न्यायालयात जाईल, असे वातावरण नसलेल्या देशात रोख रकमेचे वचन हे फक्त वचन असते. रोख की धान्य हा वाद आपण बहुतेक वेळा पैशाच्या भाषेत घालतो. माझ्या मते तो विश्वासाचा वाद आहे.

आणि पैशाच्याच भाषेत बोलायचे तर तेही करून पाहू. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात इजिप्तच्या सरकारचा खर्च सुमारे ३ लाख ८७ हजार कोटी पाउंड होता. भाकरीवरचे अनुदान त्यातले साधारण साडेबारा हजार कोटी, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडे वर. कर्जावरचे व्याज सुमारे १ लाख ८३ हजार कोटी, म्हणजे निम्म्याच्या जवळ. सरकारी माहितीनुसार वर्षाला साधारण दहा हजार कोटी भाकऱ्या भाजल्या जातात. भाव पाचाचा वीस केल्याने भाकरीमागे पंधरा पियास्टर वाचतात, एकूण दीड हजार कोटी पाउंड. देशाचे तीन दिवसांचे व्याज. सात कोटी माणसांच्या रोजच्या भाकरीचा भाव चौपट केला आणि हाती आले ते एवढे. चार माणसांच्या घराला मात्र दिवसाला एका पाउंडऐवजी चार मोजावे लागू लागले. ते कर्ज कशासाठी काढले, कैरोच्या पूर्वेला वाळवंटात उभ्या राहणाऱ्या नव्या राजधानीला किती गेले, तिची गरज होती का, यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी कधीच झाली नाही. भाकरीवर झाली.

विचारण्याची परवानगी

इजिप्तमध्ये घरोघर जाऊन पाहणी करायची तर सरकारी सांख्यिकी संस्थेची परवानगी लागते. प्रश्नावली आधी दाखवावी लागते. काही प्रश्न गाळले जातात. समाजशास्त्रज्ञ साद एद्दीन इब्राहीम यांनी कैरोत इब्न खल्दून केंद्र चालवले, निवडणुकांवर आणि अल्पसंख्याकांवर अभ्यास केला. २००० मध्ये त्यांना अटक झाली. सर्वोच्च अपील न्यायालयाने २००३ मध्ये निर्दोष ठरवेपर्यंत मधली वर्षे तुरुंगात आणि कोर्टात गेली.

जिउलिओ रेजेनी हा केंब्रिज विद्यापीठाचा २८ वर्षांचा इटालियन संशोधक कैरोत स्वतंत्र कामगार संघटनांवर काम करत होता. फेरीवाल्यांशी बोलत होता, टिपणे घेत होता. २५ जानेवारी २०१६ च्या संध्याकाळी तो घरातून निघाला. ३ फेब्रुवारीला त्याचा मृतदेह अलेक्झांड्रियाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सापडला, अंगभर छळाच्या खुणा होत्या. इजिप्तच्या चार सुरक्षा अधिकाऱ्यांवर रोममध्ये त्यांच्या गैरहजेरीत खटला उभा राहिला आहे. फेरीवाल्याची कमाई किती आणि त्याला कोण छळते, एवढेच विचारणाऱ्याचे हे झाले.

तरीही काम थांबलेले नाही. कैरोतला इकॉनॉमिक रिसर्च फोरम १९९३ पासून, बैरुतचे लेबनीज सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज १९८९ पासून अभ्यास करत आहे. अरब बॅरोमीटर ही पाहणी २००६ पासून देशोदेशीच्या सामान्य माणसांना सरकारवर, न्यायालयांवर, एकमेकांवर किती भरवसा आहे ते विचारत आली आहे. या संस्थांतल्या तरुण अभ्यासकांना आपण सहज मागतो तो आकडा मिळवायला महिनोन्महिने दारे ठोठवावी लागतात.

भाकरीचा भाव चौपट झाला तेव्हा इजिप्तमध्ये गरीब किती, याचा सर्वांत ताजा जाहीर आकडा २९.७ टक्के होता. तो २०१९-२० सालच्या पाहणीचा. मधल्या चार वर्षांत महामारी येऊन गेली होती, युद्ध पेटले होते, पाउंडची किंमत तिसऱ्या हिश्शावर आली होती. त्यानंतरच्या पाहणीतले दारिद्र्याचे आकडे सरकारने तोवर जाहीर केले नव्हते.